विश्लेषण : फँटसी कॉमिक्सचा दुसरा भागच का फसतो? नागराज, ॲस्टेरिक्स आणि ‘चांदोबा’ काय सांगतात?

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच बाहेर पडायची सोय नसते. एकेकाळी या वेळात भाड्याने आणलेली कॉमिक्स वाचली जात. आता ती मोबाइलवर उघडतात. पण एक गोष्ट तेव्हाही होत होती आणि आजही होते. अद्भुत साहसकथेचा पहिला भाग एका बैठकीत संपतो, दुसऱ्याची वाट पाहिली जाते आणि तो हाती आला की ‘यात ती मजा नाही’ म्हणून अर्ध्यात सोडला जातो. हा वाचकाचा लहरीपणा म्हणावा, की दुसऱ्या भागाच्या घडणीतच काही खोट असते?

तक्रार नेमकी काय असते?

दुसरा भाग न आवडलेल्या वाचकाला कारण विचारले, तर उत्तर सहसा धड मिळत नाही. ‘पहिल्यासारखा नाही’ एवढेच तो सांगतो. हे उत्तर वाटते तितके मोघम नाही. अद्भुत कथेच्या पहिल्या भागात गोष्टीचे इंजिन असते ते ‘कळण्याचे’. नायकाला आपल्या अंगातली शक्ती कळते, डोंगरापलीकडचे राज्य कळते, म्हातारा गुरू खरा कोण ते कळते आणि त्याच्याबरोबर वाचकालाही कळत जाते. प्रत्येक पान उलटताना काहीतरी नवे दिसते. त्या नवेपणावर कथानकातल्या कितीतरी भेगा झाकल्या जातात.

दुसऱ्या भागात ही सोय संपलेली असते. नकाशा उघडून झालेला, तलवार हाती आलेली, खलनायकाचा चेहरा दिसलेला. आता वाचक नियम तपासू लागतो. पहिल्या भागात एका मुळीने मेलेला माणूस उठला असेल, तर दुसऱ्या भागात कुणाच्याही मरणाची भीती उरत नाही. लेखकाने ती मुळी हरवली तर वाचक म्हणतो, सोयीने हरवली. वापरली तर म्हणतो, पुन्हा तेच. गुप्तहेरकथेला हा त्रास कमी. तिथे दर वेळी नवा खून, नवा संशयित. गुप्तहेर तोच राहिला तरी चालते, किंबहुना तोच राहावा अशी अपेक्षा असते. अद्भुत साहसकथेत मात्र जग हेच मुख्य आकर्षण, आणि ते जग पहिल्यांदा एकदाच पाहता येते.

म्हणजे निराशेचा थोडा वाटा अटळच म्हणायचा. प्रश्न आहे तो उरलेल्या, टाळता येण्याजोग्या वाट्याचा.

नागराजचे उदाहरण कशासाठी?

सोलापूर जिल्ह्यात ‘नागराज’ म्हटले की आज करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे आठवतात. १९८० आणि ९० च्या दशकांत शाळेत असलेल्यांना मात्र हिरव्या अंगाचा, मनगटातून साप सोडणारा दुसरा एक नागराज आठवतो. राज कॉमिक्सचा हा नायक १९८६ मध्ये आला. भाषा हिंदी, प्रकाशक दिल्लीचे. पण त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या अनेक अंकांची चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. ‘अमर चित्र कथा’साठी पौराणिक, ऐतिहासिक पुस्तके चित्रित करणारा हा हात. नागराजच्या अंगाला पुराणातल्या देवादिकांचा डौल का होता, हे त्यावरून समजते. हिंदीतल्या एका लोकप्रिय अद्भुत नायकाचे रूप घडवण्यात मराठी चित्रकाराचा वाटा मोठा आहे, आणि मराठीत त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते.

पहिल्या अंकाची कल्पना आजही दमदार वाटते. प्रोफेसर नागमणी नावाचा शास्त्रज्ञ नागराजला तयार करतो तो नायक म्हणून नव्हे, तर दहशतवाद्यांना भाड्याने देण्याचे हत्यार म्हणून. त्याच्या डोक्यात एक कॅप्सूल बसवलेली असते, त्यामुळे तो मालकाच्या हुकमाबाहेर जाऊ शकत नाही. पहिल्याच कामगिरीवर, एका मंदिरात, त्याची गाठ बाबा गोरखनाथांशी पडते. गोरखनाथ ती कॅप्सूल काढतात, नागराज मोकळा होतो आणि ज्यांच्यासाठी त्याला घडवले त्यांच्याच विरोधात उभा राहतो. ज्या घरांत श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’ची पोथी लागते, तिथल्या मुलाला गोरखनाथ नवा नव्हता. विज्ञानाने गुलाम केलेला आणि नाथाने सोडवलेला नायक ही अगदी इथल्या मातीतली फँटसी होती.

दुसऱ्या अंकाचे नाव ‘नागराज की कब्र’. नावातच अडचण दिसते. नायकाची कबर खोदली जाणार, हे वचन वाचकाला दिले जाते. पण मालिका आताच सुरू झाली आहे, तेव्हा नायक मरणार नाही हे दहा वर्षांच्या मुलालाही माहीत असते. पहिल्या अंकातला पेच नागराजच्या आत होता. तो स्वतःचा मालक होईल का, हा. तो पेच पहिल्याच अंकात पूर्ण सुटला. नंतर उरले ते बाहेरचे शत्रू. ‘नागराज का बदला’, ‘नागराज की हाँगकाँग यात्रा’, ‘नागराज और शांगो’ ही पुढची नावे पाहिली तरी मालिका कुठे चालली ते कळते. नवे शहर, नवा गुंड, नवी मारामारी.

या अंकांत मजा नव्हती असे नाही. मुळीक यांची चित्रे होती, परदेशातली शहरे होती, आणि त्या काळात हाँगकाँग कॉमिक्समध्येच बघायला मिळत असे. पण ज्याच्या डोक्यात काल-परवापर्यंत दुसऱ्याचा हुकूम होता, त्या माणसाचे पुढे काय होते? आपल्या हातून आधी काय काय घडले, याची टोचणी त्याला लागते का? आपण माणूस आहोत की कारखान्यातली वस्तू, असे त्याला वाटते का? दुसऱ्या अंकाला खरे तर इथून सुरुवात करता आली असती. पहिल्या अंकाने उघडलेले सर्वांत चांगले दार दुसऱ्याने हलकेच लोटून घेतले, अशी ती चुटपुट आहे. नव्वदच्या दशकात अनुपम सिन्हा यांच्या हाती हा नायक आला तेव्हा त्याला महानगर नावाचे शहर, राज ही दुसरी ओळख आणि तक्षकराज-ललिता हे राजघराण्यातले आईबाप मिळाले. म्हणजे दुसऱ्या अंकात भरायला हवी असलेली जागा जवळजवळ दशकभराने भरली गेली.

मग ध्रुव का तरला?

त्याच प्रकाशनाचा सुपर कमांडो ध्रुव १९८७ मध्ये आला. पहिला अंक ‘प्रतिशोध की ज्वाला’, दुसरा ‘रोमन हत्यारा’. ध्रुव जुपिटर सर्कशीत वाढलेला. सर्कस जाळली जाते, आईवडील जातात आणि तो सूड घेतो. पेच इथेही पहिल्याच अंकात संपतो. तरी ध्रुवच्या वाचकाला पुढच्या अंकांत तेवढे रिकामे वाटले नाही, याची दोन कारणे सांगता येतील.

एक, ध्रुवकडे जादूची शक्ती नाही. त्याच्याकडे आहे ती सर्कशीत शिकलेली कसरत, विज्ञानाचे ज्ञान आणि प्राण्या-पक्ष्यांशी बोलण्याची कला. त्यामुळे प्रत्येक अंकात ‘आता हा सुटणार कसा?’ हा प्रश्न खराच राहतो. विषारी फुंकर मारून शत्रू आडवा करता येणाऱ्या नायकाबाबत तो प्रश्न टिकवणे कठीण. दोन, ध्रुवला घर मिळाले. पोलीस अधिकारी राजन मेहरा यांनी त्याला मुलगा मानले, श्वेता ही बहीण आली. सूड संपल्यावर ज्याच्याकडे परत जायचे असे काही असेल, तर पुढच्या गोष्टीत हरण्यासारखेही काही असते.

आणखी एक गोष्ट आहे, ती वाचकाच्या नजरेत येत नाही पण परिणाम करते. ध्रुव अनुपम सिन्हा यांनी स्वतःच लिहिला आणि स्वतःच काढला. कल्पना एका डोक्यात आणि कुंचला दुसऱ्या हातात, अशी फाळणी तिथे नव्हती.

दोष लेखकाचा, की वेळापत्रकाचा?

बहुतेक वेळा वेळापत्रकाचा. हिशेब साधा आहे. तीस पानांचे कॉमिक महिन्याला काढायचे तर रोज एक पान पूर्ण व्हायला हवे. त्या पानावर पाच-सहा चौकटी. प्रत्येक चौकटीचे आधी पेन्सिलीने रेखाटन, मग शाई, मग रंग, मग फुग्यांतली अक्षरे. पहिल्या भागासाठी चित्रकाराकडे बहुधा वर्ष-दीड वर्ष असते, कारण तोवर कुणी वाट पाहत नसते. नायकाचा चेहरा दहा वेळा खोडून काढता येतो. दुसऱ्या भागाची तारीख मात्र पहिला भाग छापला जाण्याआधीच ठरलेली असते.

मग काय होते, ते कुठलीही मालिका उघडून पाहावे. पार्श्वभूमी गळू लागते. पहिल्या भागात किल्ल्याच्या तटावरचा दगड न् दगड काढलेला, दुसऱ्या भागात त्याच तटामागे नुसता निळा रंग. चेहऱ्यांच्या जवळच्या चौकटी वाढतात, कारण गर्दी काढण्यापेक्षा चेहरा काढणे लवकर होते. मधेच एखादा दुसरा हात येतो आणि नायिकेचे नाक बदलते. लेखकाला पाने कमी पडतात म्हणून पात्रे एकमेकांना अशा गोष्टी समजावून सांगू लागतात ज्या दोघांनाही आधीपासून माहीत असतात. हे सर्व वाचकाला शब्दांत मांडता येत नाही, पण डोळ्यांना कळते. ‘पहिल्यासारखा नाही’ याचा अर्धा अर्थ हा असतो.

सोलापूरला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. चादरीचा नमुना बसवायला किती वेळ लागतो आणि नमुना पास झाल्यावर मालाची घाई सुरू झाली की वीण कशी सैल पडते, हे मागावर बसणारा माणूस जाणतो. पहिली चादर दाखवायची असते आणि नंतरच्या पुरवायच्या असतात.

मधल्या भागाचे वेगळे दुखणे कोणते?

मालिका तीन भागांची असेल तर दुसऱ्याची स्थिती आणखी वाईट. त्याला सुरुवातही नसते आणि शेवटही नसतो. पहिल्या भागातली माणसे या गावाहून त्या गावाला पोहोचवायची, तिसऱ्या भागातल्या लढाईसाठी सैन्य जमवायचे आणि खलनायकाला अजून हरवायचे नाही, एवढेच काम त्याच्या वाट्याला येते. असे भाग वाचताना गोष्ट वाचल्यापेक्षा एसटीने प्रवास केल्यासारखे वाटते. थांबे बरेच, मुक्काम कुठेच नाही. वर शेवटच्या पानावर ‘क्रमशः’. ज्याने पैसे मोजून पुस्तक घेतले त्याला हे ‘क्रमशः’ टोचते. मासिकात ते चालते, कारण पुढचा अंक महिन्याने येणार असतो. पुस्तकात ते वर्षावर जाते.

परदेशातल्या गाजलेल्या मालिकांत असेच झाले का?

झाले, आणि तरीही त्या तगल्या. ॲस्टेरिक्सची गोष्ट त्यासाठी पाहण्यासारखी आहे. रने गॉसिनी आणि आल्बेर युदेर्झो यांची ही मालिका ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकात ऑक्टोबर १९५९ मध्ये सुरू झाली. पहिला भाग पुस्तकरूपात १९६१ मध्ये आला. दुसरा, सोन्याच्या विळ्याचा, १९६२ मध्ये. दुसरा भाग आज वाचला तर बेतास बात वाटतो. जादूचे पेय करणाऱ्या गेटाफिक्सचा विळा मोडतो, नवा आणायला ॲस्टेरिक्स पॅरिसला, म्हणजे त्या वेळच्या ल्युटेशियाला जातो, आणि विळ्यांच्या काळ्या बाजाराचा छडा लावतो. फँटसी कमी, पोलिसी तपास जास्त. पहिल्या भागातल्या जादूच्या पेयाची नवलाई ओसरलेली आहे.

पण याच भागाने एक काम केले. पहिल्या भागात कडेला उभा असलेला ओबेलिक्स इथे प्रवासाला बरोबर निघाला. युदेर्झोंनी लहान नायकाला मोठा सोबती दिला आणि मालिकेचा खरा गाभा, त्या दोघांची भांडणे आणि समेट, इथे सुरू झाला. ओबेलिक्सच्या मागे धावणारा छोटा कुत्रा तर पाचव्या भागात आला. ज्या गोष्टींसाठी आज ही मालिका आवडते त्यांतल्या बऱ्याच पहिल्या भागात नव्हत्याच. दुसरा भाग फिका असूनही निरुपयोगी ठरला नाही, कारण त्यात कुणीतरी नवे घरात आले आणि राहिले.

टिनटिनचे उदाहरण त्याहून सरस. ‘युनिकॉर्न’ जहाजाचे रहस्य आणि त्याचा दुसरा भाग, लाल रॅकहॅमचा खजिना, हे दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ मध्ये, ब्रसेल्सच्या ‘ल स्वार’ दैनिकात क्रमशः येत होते. पहिल्या भागात जहाजांच्या तीन प्रतिकृती, त्यांत लपवलेले तीन कागद, कॅप्टन हॅडॉकचा पूर्वज आणि समुद्री चाचा, असा भरगच्च ऐवज. दुसऱ्या भागात एर्जे यांनी चक्क उलटे केले. खजिन्याच्या शोधात मंडळी समुद्र पालथा घालतात आणि जवळपास रिकाम्या हाताने परत येतात. खजिना सापडतो तो घरी, हॅडॉकच्या पूर्वजांच्या वाड्याच्या तळघरात. शिवाय बहिऱ्या, विसरभोळ्या प्रोफेसर कॅल्क्युलसचा प्रवेश याच भागातला. पहिल्या भागाने दिलेले वचन दुसऱ्याने पाळले, पण वाचकाने धरलेल्या वाटेने नव्हे. दुसऱ्या भागाकडून वाचकाला नेमके हेच हवे असते.

‘चांदोबा’ला ही अडचण का आली नाही?

जुलै १९४७ मध्ये मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ‘चंदमामा’ तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केले. पाठोपाठ ते कन्नड आणि हिंदीत आले आणि १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’. सोलापूरच्या दृष्टीने ही यादी गमतीची आहे. पूर्व भागातल्या विणकर वस्तीची तेलुगू, अक्कलकोटकडची कन्नड आणि शहराची मराठी, या तिन्ही भाषांत तीच गोष्ट, तीच चित्रे. एकाच गल्लीतल्या दोन घरांत वेगळी लिपी आणि तोच राक्षस, हे या शहरात सहज शक्य होते.

चांदोबात लांब पल्ल्याच्या अद्भुत मालिका क्रमशः येत. दासरी सुब्रह्मण्यम यांनी लिहिलेल्या आणि ‘चित्रा’ या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने रंगवलेल्या मालिका त्यांत मुख्य. तिथे ‘दुसरा भाग’ अशी मोठी पायरीच नव्हती. दर महिन्याला थोडी पाने, शेवटी एक अडचण, पुढच्या महिन्यात तिची सोडवणूक आणि नवी अडचण. निराशा झालीच तर महिनाभराची. दुसरीकडे विक्रम-वेताळाची मांडणी आणखी हुशार. शंकर यांच्या चित्रातला राजा दर महिन्याला तेच प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजाचे मौन सुटते आणि वेताळ पुन्हा झाडावर. गोष्ट दर वेळी शून्यावर येते. पहिला भाग कोणता आणि शंभरावा कोणता, हा प्रश्नच उरत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेल्या, जंगलात राहणाऱ्या मुखवटाधारी वेताळानेही वेगळ्या पद्धतीने हेच साधले. तो पिढ्यान्‌पिढ्यांचा एकविसावा. मागे वीस बापजादे असल्याने लेखक ली फॉक यांना गोष्टींचा तुटवडा पडला नाही.

आज पुस्तकरूपात निघणाऱ्या मालिकांना ही युक्ती जशीच्या तशी वापरता येणार नाही. मासिकांचा तो आधारच गेला. ‘चांदोबा’ही गेल्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. कॉमिक्स मासिकातून पुस्तकात गेली तेव्हा छपाई देखणी झाली, किंमत वाढली आणि दोन भागांमधले अंतर लांबले. वाचक विसरायला मोकळा झाला.

वाट पाहायला लावूनही जमलेली मालिका आहे का?

आहे. गोवा कला महाविद्यालयात शिकलेल्या अमृता पाटील यांनी महाभारतावर चित्रकादंबरी केली. ‘आदिपर्व’ २०१२ मध्ये आले, ‘सौप्तिक’ २०१६ मध्ये. मधे चार वर्षे. पहिल्या पुस्तकात गोष्ट सांगते गंगा. दुसऱ्यात सांगतो अश्वत्थामा. सांगणारा बदलला की तीच युद्धभूमी वेगळी दिसते. जे घडणार ते वाचकाला आधीच ठाऊक असल्याने ‘कळण्याचे’ इंजिन इथे मुळातच बंद, त्यामुळे कथेला दुसरा आधार शोधावा लागला आणि तो सापडला. ही पुस्तके इंग्रजीत आहेत, एवढीच मराठी वाचकाची तक्रार.

पडद्यावरही जवळचा दाखला आहे. नागराज मंजुळे यांची निर्मिती आणि सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘नाळ’मध्ये (२०१८) छोट्या चैत्याला आपली खरी आई वेगळी असल्याचे कळते. २०२३ च्या ‘नाळ भाग २’मध्ये तो त्या घरी जातो. पहिल्या भागाने सोडलेला प्रश्न तिथूनच उचलला, गाव बदलले, चिमी नावाची बहीण आणली. या दुसऱ्या भागाला ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. हा चित्रपट फँटसी नाही, पण नागराजच्या दुसऱ्या अंकात जे राहून गेले ते काम इथे झालेले दिसते.

मोबाइलमुळे काय बदलले?

मोबाइलवर कॉमिक्स वाचणाऱ्याची वागणूक वेगळी आहे. छापील पुस्तकात समोरासमोरची दोन पाने मिळून एक भव्य चित्र काढता येते. पहिल्या भागातले राज्य त्या चित्रावर उभे राहते. पडद्यावर ते चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे होते किंवा बोटांनी ताणून तुकड्या-तुकड्यांत पाहावे लागते. कोरियात रुळलेल्या, वरून खाली सरकवत वाचायच्या मालिका यासाठीच जन्मल्या. त्यांची मांडणी अंगठ्याच्या वेगाने होते.

पैशांचे गणितही बदलले. बऱ्याच ॲपवर सुरुवातीचे प्रकरण फुकट, पुढच्यासाठी नाणी विकत घ्या किंवा थांबा, अशी रीत आहे. त्यामुळे निर्मात्याचा सगळा जीव पहिल्या प्रकरणात. वाचकाला ओढून आणायचे तिथेच. दुसऱ्या भागात तो पैसे भरून आत आलेला असतो, आणि आत गेल्यावर घर अर्धे बांधलेले दिसते. पूर्वी भाड्याच्या दुकानात आठ-बारा आण्यांचे नुकसान व्हायचे आणि दुकानदाराशी हुज्जत तरी घालता यायची.

याची दुसरी बाजूही आहे. पहिला भाग मोबाइलवर नेहमी हाताशी असल्याने दुसरा वाचताना मागे जाऊन पाहता येते. चूक लगेच पकडली जाते. राजकन्येच्या डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे गेला तर तासाभरात त्याचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. वाचक अधिक कठोर झाला म्हणून दुसरे भाग अधिक वाईट वाटतात, हेही थोडे खरे मानायला हवे.

मराठीत अडते कुठे?

मराठीत ‘चिंटू’सारखी रोजची चित्रपट्टी दीर्घकाळ चालली. फास्टर फेणेसारखा साहसी नायक गद्यात रुजला. शंभर-दीडशे पानांची रंगीत अद्भुत मालिका मात्र क्वचितच मूळ धरते. याला दुसऱ्या भागाची भीती हेही एक कारण आहे. पहिला भाग हौसेने, मित्रांच्या मदतीने, पदरमोड करून निघतो. दुसऱ्यासाठी चित्रकाराला वर्षभराचा पगार लागतो. तो न दिल्यास चित्रकार जाहिरातीच्या किंवा ॲनिमेशनच्या कामाला जातो, आणि त्यात त्याची चूक नाही.

लिपीचाही एक व्यवहार आहे. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली. एका ओळीला रोमनपेक्षा जास्त उंची लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यात मराठी संवाद कोंबला की अक्षर बारीक होते किंवा वाक्य तोडावे लागते; मोबाइलवर तर ते वाचताच येत नाही. पहिल्या भागात कुणीतरी हौसेने फुगे नव्याने आखतो. दुसऱ्यात घाईने तेच फुगे भरले जातात. संवाद तुटक होतात आणि वाचक म्हणतो, लेखकाचा हात आटला.

यावर निर्मात्याला करता येण्याजोगी एक गोष्ट म्हणजे दुसरा भाग पूर्ण लिहून झाल्याशिवाय पहिला छापायला न देणे. चित्रे नंतर होतील, पण गोष्ट आधी संपलेली असावी. यात पैसे लागत नाहीत, फक्त धीर लागतो. दुसरी गोष्ट, दुसऱ्या भागाची पाने कमी ठेवणे. साठ पानांचा पहिला भाग असेल तर दुसरा चाळीसचा चालेल, पण त्यात एक गोष्ट सुरू होऊन संपलेली हवी, तिसऱ्याची नुसती तयारी नको. आणि एक तरी पात्र असे यावे, जे पहिल्या भागात असते तर बरे झाले असते असे वाचकाला वाटेल.

वाचकाच्या हाती काय? दुसरा भाग फिका निघाला म्हणून मालिका सोडण्याआधी त्यात नवे कोण आले ते पाहावे. कुणीच आले नसेल आणि गोष्टही पुढे सरकली नसेल, तर तिसऱ्याचे पैसे वाचवायला हरकत नाही. १९६२ मध्ये विळ्याची गोष्ट वाचून एखाद्या फ्रेंच मुलाने ॲस्टेरिक्स सोडला असता, तर त्याचा तो कुत्रा हुकला असता.